बादशहाच्या कपाळाला कुंकू

मला चारचौघांत बोलता येत नाही. आमची साताऱ्यात पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन बाया येतात, त्यांच्याशीसुद्धा माझं बोलणं "बारीक का जाड" आणि "संध्याकाळी या" एवढंच. माहेर माझं आटपाडीकडचं. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा लांब, आणि घरी मेंढरं, त्यामुळे शिकणं तिथंच थांबलं. लिहायची आवड मात्र राहिली, म्हणून हे माझ्यापुरतं लिहून ठेवते.

गिरणीला लागून रद्दीचं दुकान आहे. पुड्या बांधायला मी तिथून जुने कागद आणायची. एकदा त्यात एक पाकीट निघालं. वर आपलंच जुनं एक आण्याचं तिकीट, चॉकलेटी रंगाचं, दाढीवाल्या बादशहाचं. पण त्यावरच्या गोल शिक्क्यात इंग्रजी अक्षरं, आणि ती कुठल्या गावाची ते मला लागेना. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर गव्हाचं दळण घेऊन येत. त्यांना दाखवलं, तर ते दळणाचा डबा विसरून पाकीटच बघत बसले.

"वहिनी, हे मस्कतचं आहे. त्या काळी तिकडं आखातात आपली पोस्टं होती. तिकीट आपलं लावायचे, शिक्का तिथला मारायचे. हे बघा, मागं साताऱ्याचा शिक्का. तिथून निघालं ते थेट आपल्या गावात आलं."

पाकिटात कागद नव्हता. कोण तिकडे नोकरीला होतं, काय लिहिलं होतं, काही कळायला मार्ग नाही. पण मला त्या तिकिटाचीच मोठी गंमत वाटली. छापलं आपल्याकडं, बोटीत बसून गेलं परदेशी, आणि शिक्का खाऊन पुन्हा घरी. नाव माहेरचं, शिक्का सासरचा.

तेव्हापासून मला नाद लागला. परदेशातल्या आपल्या पोस्टांत वापरलेली जुनी तिकिटं मी जमवायला लागले. लेक लहान असताना भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. भाकरी थापता थापता मीही तो पाठ केला. इंग्रजी मला अजून येत नाही, पण एडन, बसरा, बहारीन, झांझिबार एवढे शिक्के मी लांबून ओळखते. काही तिकिटांवर तर आपल्याच अक्षरांत वरून छापलेलं असतं, लाओस, कम्बोज, वियत नाम. आपले जवान तिकडे शांततेच्या कामाला गेले होते, त्यांच्या पोस्टासाठी ती काढलेली. ती वाचताना मला फार बरं वाटतं, कारण कुणाला विचारावं लागत नाही.

लेकीचं लग्न सांगलीत झालं. ती विश्रामबागला राहते. तिच्याकडे गेलं की जवळच्या जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्या दुकानात माझी चक्कर असतेच. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदारांनी विचारलं, "मालकांसाठी नेताय का?" मी लाजून होकाराची मान हलवली. झालं. त्यांनी मला मोबाइलवरच्या तिकीटवाल्यांच्या ग्रुपात घेतलं ते मालकांचा नंबर समजून. माझ्या नावाच्या जागी गिरणीचं नाव आणि फोटोही गिरणीच्या पाटीचा. सगळे मला "साहेब" म्हणायला लागले. "साहेब, हा शिक्का बसराचा का?" "साहेब, तुमच्याकडचं मस्कत दाखवा की एकदा." मी फोटो टाकायची आणि हात जोडलेलं चित्र पाठवायची. साहेब फार कमी बोलतात अशी ग्रुपात माझी ख्याती झाली.

आमच्या ह्यांना ते वाचून हसू आवरत नसे. "आज साहेबांच्या हातचं पिठलं मिळंल का?" म्हणायचे.

सासूबाईंना मात्र हा नाद मुळीच पसंत नव्हता. त्यांना मी आत्ती म्हणते. शेजारणीला त्या सांगायच्या, "लोकं टाकून देत्यात ते आमची सून उचलून आणती. आन् वर चिमट्यानं धरती, जणू सोन्याची नथच."

यंदा नवरात्राच्या आधी ग्रुपात निरोप आला. दसरा झाला की येणाऱ्या रविवारी विश्रामबागला तिकिटांचं प्रदर्शन. दुकानदारांनी मला वेगळं लिहिलं, "साहेब, एक काचेची चौकट तुमच्यासाठी राखलीय. नाव काय टाकू?"

मी फोन ह्यांच्याकडे दिला. त्यांनी परत माझ्या हातात ठेवला.

"तुजं नाव दे की. मला मस्कत कराडच्या अल्याड का पल्याड तेबी ठावं न्हाई."

मी माझं नाव पाठवलं. लगेच उत्तर आलं, "वा साहेब! वहिनींच्या नावानं लावताय. फार छान."

ते वाचून पहिल्यांदा मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी चिमट्यानं एकेक तिकीट बसवलं, आणि तिथंही लोक ह्यांनाच शाबासकी देणार. मनात ठरवून टाकलं, या वेळी आपण जायचं, चौकटीशेजारी उभं राहायचं आणि हे माझं आहे असं तोंडानं सांगायचं. एवढंच.

खंडेनवमीच्या सकाळी मी चौकटीत लावायची तिकिटांची पानं तयार करायला घेतली होती. मधलं पान मस्कतच्या पाकिटाचं. सगळी चौकट त्याच्याभोवतीच मांडली होती. तेवढ्यात गिरणीवर कुणीतरी हाक मारली म्हणून पाकीट तसंच पाटावर ठेवून गेले. परत आले तर आत्तींची हत्यारांची पूजा उरकली होती. गिरणीची मोटर, वजनकाटा, विळा, विळी, ह्यांची मोटरसायकल, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि पाटावर, विळ्याच्या शेजारी, माझा चिमटा, माझं भिंग आणि मस्कतचं पाकीट. बादशहाच्या कपाळाला चांगलं ठसठशीत ओलं कुंकू. वर हळद. एक ओघळ शिक्क्यातल्या पहिल्या अक्षरापर्यंत गेलेला.

"आवं आत्ती, ह्ये काय केलंसा?"

"काय म्हंजी? पूजा क्येली."

"तिकिटाची?"

"आज हत्यारं पुजायची असत्यात. मोटर त्याची, विळा माजा. मंग तुजं हत्यार कुठलं? ह्येच की. येवढी वर्सं बघतीया, दुसरं काय तू हातात धरत न्हाईस. आन् माणसाचं तोंड दिसलं, मंग कपाळालाच लावायचं. पायाला लावू व्हय?"

मला रडायला येत होतं. पाण्यानं पुसावं तर कुंकवाबरोबर शिक्काही जाणार. कापसानं टिपलं, तर रंग आणखी पसरला. हे येऊन बघतात तो त्यांचे खांदे हलायला लागले.

"हसू नका. आता मी सांगलीला जात न्हाई."

"का? बादशा तर नटूनथटून बसलाय."

"चौकटीतलं मधलंच पान गेलं. लोक काय म्हणतील?"

"मंग मी जातो. साहेब म्हणून बसतो खुर्चीवर. कुणी काय इचारलं तर म्हणतो, दळून ठेवतो, संध्याकाळी या."

आत्तींनी पाकीट हातात घेतलं आणि निरखून बघितलं.

"बिघडलं का गं लय?"

त्यांच्या आवाजात एवढी काळजी होती की मला खोटंच बोलावंसं वाटलं. पण मी म्हटलं, "बिघडलं."

"मंग मीबी येती सांगलीला. माज्यामुळं झालंय. कुणी बोललं तर मी हाय."

आत्ती सांगलीला आल्या म्हणजे काय होईल ते मला दिसत होतं. पण त्या उठून इरकलीची घडी काढायलासुद्धा लागल्या. इतकी वर्षं ज्या वस्तूला त्या कचरा म्हणत होत्या, तिला त्यांनी विळ्याच्या शेजारी मांडलं होतं. ते मला दुपारी भाकरी करताना कळलं, आणि मग मी कुंकवासकट पाकीट पानावर बसवलं.

रविवारी एसटीनं निघालो. इस्लामपूरच्या स्टँडवर आत्तींनी भडंग घेतलं आणि पुढच्या बाकावरच्या बाईला सांगितलं, "सुनेच्या हत्यारांचं परदर्शन हाय." मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले.

हॉलच्या दारात दुकानदार उभे होते. ह्यांना बघताच दोन्ही हात पसरले. "या साहेब, या! किती वर्षांनी दर्शन!"

हे बाजूला सरले आणि माझ्याकडे बोट केलं. "साहेब ह्या. मी दळणवाला."

दुकानदार कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो वहिनी, एवढी वर्षं आम्ही काय काय गप्पा मारल्या ग्रुपात!" त्यांचे कान लाल झाले होते. मी नेहमीसारखे हात जोडले. ठरवलेलं वाक्य राहूनच गेलं.

चौकटीशेजारी एक खुर्ची होती. आत्तींनी ती धरली. लोक फिरत फिरत यायचे, एडन बघायचे, बसरा बघायचे, आणि मधल्या पानाशी थबकायचे.

"हे कुंकू आहे का?"

"व्हय," आत्ती म्हणाल्या. "मीच लावलंय. ह्यो लंडनचा बादशा. आमच्या मस्कतच्या पोस्टात नोकरीला हुता."

लोक हसले. आणखी चार माणसं जमली. एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "मस्कतला नोकरीला?"

"मंग! शिक्के मारायचा. तिथं लय ऊन, म्हणून डोस्क्याला मुकुट."

"आत्ती," मी म्हटलं.

"काय आत्ती? मला ठावं हाय त्येवढं सांगती. पुढचं तू सांग. सांग की गं."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पण आत्ती आता बादशहाला किती पोरं होती तेही सांगतील, या भीतीनं माझं तोंड उघडलं.

"बादशा तिथं नव्हता," मी म्हटलं. "तिकीट तेवढं गेलं होतं. आणि हे माझं आहे. हे सगळं मीच जमवलंय."

मग पुढचं येत गेलं. तिकडं आपलं पोस्ट कसं होतं, तिकीट कुठून जायचं, मागचा साताऱ्याचा शिक्का कुठं बघायचा. एका बाईनं विचारलं, कुंकू कसं लागलं, तर खंडेनवमी सांगितली. ती हसून हसून डोळे पुसायला लागली आणि नवऱ्याला बोलवायला गेली. नवरा आला, त्याला पुन्हा सांगितलं. कम्बोज आणि कंबोडिया एकच का, असं कुणीतरी विचारलं, ते मला नक्की ठाऊक नव्हतं. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, एकच, तर मी तिच्याकडून लाओस कुठं आहे तेही विचारून घेतलं. बक्षीस दुसऱ्याच चौकटीला मिळालं, फार सुंदर होती ती. परीक्षकांनी माझ्या पाकिटाला डाग आहे असं सांगितलं, आणि मी त्यांनाही डाग कसा पडला ते पहिल्यापासून सांगितलं.

संध्याकाळच्या गाडीत आत्ती खिडकीशी बसल्या, मी मध्ये आणि हे कडेला. परीक्षक काय म्हणाले, झांझिबारच्या तिकिटाकडं कोण किती वेळ बघत होतं, पुढच्या वर्षी बसराचं पान मधे लावावं का, असं माझं चाललं होतं. कराड कधी गेलं ते कळलं नाही. हे कधीच झोपले होते. आत्तींनी डोक्यावरचा पदर कानावर ओढला.

"आगं, बास की आता," त्या म्हणाल्या. "गाडीत तरी गप बस."

"हे एवढं सांगते," मी म्हटलं, "मग गप्प बसते."