भिंतीवरचा कान

आमच्या गल्लीतला शिंपी बहिरा नाहीच, नुसतं सोंग करतो, अशी आवई लढाईच्या दिवसांत उठली. कुणी उठवली ते विचारू नका. असल्या गोष्टींना आई नसते, सुईणीच फार. कुणी म्हणे, मागं पातेलं पडलं तेव्हा त्यानं वळून बघितलं. कुणी म्हणे, शिवणयंत्राच्या खडखडाटाआडून तो सगळं टिपतो.

ह्या आवईचं मूळ म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. गल्लीत त्याला रंगोबा म्हणत. लढाईआधी सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, आणि नायिकांचे गाल असे फुगवायचा की सगळ्यांना एकदम दाढदुखी झाल्यासारखी वाटे. मग प्रचारखात्यानं त्याला पोस्टरांवर बसवलं. धान्य वाचवा, दिवे झाका, भरती व्हा. समोर माणूस बसल्याशिवाय ह्याचा हात चालायचा नाही, म्हणून घरचीच माणसं धरायची. मूठ उगारून उभी असलेली मातृभूमी ही त्याची बायको होती. ज्यांनी तिचं भांडण ऐकलं होतं, त्यांना ते लगेच पटायचं.

एकदा हुकूम आला, ‘शत्रू ऐकतोय’ असं चित्र हवं. नेमका त्याच संध्याकाळी शिंपी बहिणीकडं चहाला आला. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं सवयीनं कानामागं हात धरला, मान पुढं काढली, तिचे ओठ वाचायला डोळे बारीक केले. ‘‘अं? काय म्हणालीस?’’

रंगोबानं पेन्सिल उचलली.

तसा तो सावध माणूस. नाक वाकडं केलं, मिशी लावली, हॅट घातली. आता सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही, म्हणाला. पण शिकाऊ पोरांना तोच सांगायचा, की पोस्टरात लांबून तोंड दिसत नाही, अंगाची ठेवण दिसते. स्वतःची वेळ आली तेव्हा विसरला.

पोस्टर लागलं आणि दुपारपर्यंत गल्लीनं शिंप्याला ओळखलं.

आधी चेष्टा झाली. शिंपी स्वतःच हसला. ‘‘दाजी, हॅट शोभते हो मला! शिवून टाकू का एक?’’ मग चेष्टा संपली. गिऱ्हाइकं मापं द्यायला आली की तोंड मिटून बसू लागली, नंतर येईनाशी झाली. दुकानाच्या फळीवर कुणीतरी कोळशानं मोठा कान काढला.

‘‘माझ्या भावाला भिंतीभिंतीवर टांगलंत!’’ बायको म्हणाली. ‘‘आता उतरवा.’’

रंगोबा खात्याच्या साहेबाकडं गेला. म्हणाला, चित्र बदलून देतो, फुकट देतो, लोक त्यात माझ्या मेहुण्याला बघतायत.

‘‘ओळखतायत?’’ साहेब खूश झाला. ‘‘म्हणजे चित्र बोलतंय की! आणखी छापू.’’

रंगोबा ब्रश घेऊन एका पोस्टरावरचा कानामागचा हात पुसायला गेला, तर शिपायानं सरकारी मालाची नासधूस म्हणून दिवसभर चौकीत बसवला. मग दारोदार सांगत फिरला, अहो, तो खरंच बहिरा आहे. लोक माना डोलवायचे. मेहुण्याची बाजू मेहुणा नाही घेणार तर कोण घेणार? तो जितकं सांगे, तितकी आवई पक्की होई.

विमानं यायची तेव्हा भोंगा वाजे. समोरची इस्त्रीवाली दरवेळी धावत येऊन शिंप्याचा खांदा हलवायची आणि त्याला तळघरात न्यायची. पोस्टर लागल्यावर तिला लोकांनी विचारलं, ‘‘काय गं, त्याच्याशी एवढं काय गुफ्तगू?’’ तिलाही पोरंबाळं होती. ती त्या दारात जाईनाशी झाली.

त्या दुपारी भोंगा झाला तेव्हा रंगोबा गावाच्या दुसऱ्या टोकाला, खात्याच्या तळघरात, आपल्याच पोस्टरांच्या गुंडाळ्यांवर बसला होता. आमच्या तळघरात सगळी गल्ली होती. वर शिवणयंत्र चालू असल्याचं बऱ्याच जणांना ऐकू येत होतं. एक जण म्हणालासुद्धा, ‘‘बघा, ह्याला बरोबर माहीत असतं बॉम्ब कुठं पडणार नाही ते.’’

बॉम्ब दुकानावर पडला.

लहानपणी ताप आला होता, त्यात शिंप्याचे दोन्ही कान गेले होते. त्याला भोंगा ऐकू आला नाही.