दोन डोंगरगावं, एक रविवार आणि गणपतीचा कौल

कतारमध्ये तीन वर्षं राहिलं की माणसाला चढाचं वेड लागतं. १९८४ साली दोह्यात मी चढलेली सर्वात उंच गोष्ट म्हणजे आमच्या बिल्डिंगची गच्ची, आणि तीसुद्धा पापड वाळत घालायला. लग्नाआधी पुण्यात रोज पहाटे पर्वती चढणारी मी! त्यामुळे आमच्या ह्यांना, म्हणजे वसंतरावांना, कंपनीने आठ दिवसांच्या ट्रेनिंगला रोमला पाठवायचं ठरवल्यावर मीही पदरचं तिकीट काढून बॅग भरली. हे एसीवाले इंजिनियर, त्यामुळे रोमला जाऊनही दिवसभर मशीनच बघणार होते. सुट्टीचा रविवार एकच, आणि त्यात एकच गाव बघून होणार होतं.

ह्यांना हवं होतं सान जिमिन्यानो. टेकडीवरचं मध्ययुगीन गाव, उंच दगडी मनोऱ्यांचं. त्याचं कॅलेंडर ह्यांच्या ऑफिसात टेबलासमोर होतं. वर्ष संपलं तरी ह्यांनी ते उतरवलं नव्हतं. मला हवं होतं ओर्व्हिएतो. तेही तितकंच जुनं आणि तसंच जपलेलं, एका प्रचंड कातळाच्या डोक्यावर बसलेलं. रोमहून थेट रेल्वे, दीड तासाच्या आत. सान जिमिन्यानोला मात्र रेल्वेनंतर बस, मग आणखी एक बस. मी म्हटलं, "ओर्व्हिएतोचं चर्च फार सुंदर आहे म्हणे."

चर्चचं निमित्त होतं. मला गाडी लागते, हे खरं कारण. दोह्याहून अल खोर गावाला जाणाऱ्या सरळसोट रस्त्यावरसुद्धा लागायची. मग मी म्हणायची, "जरा थांबवा ना, समुद्र बघायचाय." तिथून समुद्र दिसत नसे. पण लग्नाला चार वर्षं झाल्यावर हे सांगायची लाज वाटत होती, आणि पर्वती चढणारी बाई बसमध्ये पिशवी धरून बसते हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

आठवडाभर वाद झाला. शेवटी हे म्हणाले, "खलास! देवाला विचारू."

हे सावंतवाडीकडचे. त्यांच्याकडे जमिनीपासून लग्नापर्यंत सगळं देवाला कौल लावून ठरतं. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि कोणती आधी पडते ते बघायचं. गुरुवारीच ठरलं, उजवी पडली तर सान जिमिन्यानो, डावी पडली तर ओर्व्हिएतो. शुक्रवारी सकाळी शेजारच्या मल्याळी सिस्टरच्या कुंपणावरून बोगनवेलीची फुलं आणली. दोह्याच्या उन्हाळ्यात दुसरं काय फुलणार?

हे आंघोळीला गेले आणि मी खिडकीतल्या एसीच्या पट्ट्या हळूच गणपतीच्या डाव्या बाजूला वळवल्या. देवा, क्षमा कर.

ह्यांनी पाकळ्या लावल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा..." एवढं होईपर्यंत डावी पाकळी उडून थेट माझ्या मांडीवर आली.

"ओर्व्हिएतो," हे म्हणाले. चेहरा पडला होता, पण देवाशी कोण भांडणार?

रोमला पोचल्यावर रविवारी सकाळची गाडी धरली. सोबत दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. शाकाहारी मंडळींनी काहीतरी न्यावंच, कारण कागदात गुंडाळलेल्या पिझ्झाच्या तुकड्यावर दिवस काढणं कठीण जातं. कॉफी उभ्याने प्या, बसून प्यायलात तर तीच कॉफी जास्त महाग पडते. ओर्व्हिएतो स्टेशनवरून गावात जायला तेव्हा बस होती, आता म्हणे दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. मी बसकडे पाठ फिरवून पायवाट धरली. घामाघूम झाले, धाप लागली आणि तीन वर्षांनी अंगात जीव आला. हे मागून कुरकुरत येत होते, "बस होती की! फुकट दमायचं!"

गावात एक खोल विहीर आहे. तिला दोन गोल जिने आहेत, एकमेकांभोवती वळलेले. पूर्वी पाणी भरणारी खेचरं एकाने उतरत आणि दुसऱ्याने चढत, समोरासमोर येतच नसत. जिन्यांना आत उघडणाऱ्या खिडक्या आहेत. दोनशे अठ्ठेचाळीस पायऱ्या, गुडघे सांभाळा. हे झपझप उतरून, तळाचा पूल ओलांडून वर निघालेसुद्धा. मी अजून उतरतच होते. समोरच्या खिडकीत ह्यांचा चेहरा दिसला. कॅलेंडरातलं गाव सोडून ते माझी विहीर मुकाट्याने बघत होते. मला राहवेना.

"अहो, मी एसीच्या पट्ट्या फिरवल्या होत्या!"

आवाज विहिरीत घुमला. वर कुणीतरी जर्मन पर्यटक वाकून बघू लागले.

"माका ठावक होता गो!" पलीकडून उत्तर आलं. "एसी कोणी बसवलाय? डाव्या पाकळीला तर मी पाणीच लावलं नव्हतं!"

"का पण?"

"अल खोरच्या रस्त्यावर समुद्र खंय दिसता?"

मी तिथेच पायरीवर बसले. हसू आवरेना, आणि खरं सांगते, डोळेही भरून आले. तीन वर्षं हा माणूस काही न विचारता गाडी थांबवत होता.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोह्यात परत आलो होतो. हे म्हणाले, "देवाला दोघांनी फसवलं. कौल परत लावायचा, एसी बंद करून." बाहेर उन्हाचा कहर होता. दारं-खिडक्या बंद करून आम्ही देव्हाऱ्यासमोर बसलो. दहा मिनिटं गेली, मग वीस. आम्ही घामाने निथळत होतो आणि दोन्ही पाकळ्या मात्र गोंदाने चिकटवल्यासारख्या ढिम्म. हे डोळे मिटून हात जोडून बसले होते.

मी पुढे वाकले आणि उजव्या पाकळीवर हळूच फुंकर मारली.

"पडली?" ह्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"पडली. सान जिमिन्यानो."

"वारा नसताना?"

"देवाची मर्जी."

ह्यांनी उठून एसी लावला आणि चपला घालून बाहेर पडले. तासाभराने आले ते गाडी लागण्यावरच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन, आणि ते त्यांनी गणपतीच्या उजव्या हाताला ठेवलं.