हिरामणने कापलेली तार

आमच्या खारबावचा हिरामण बोलायला लागला की शेतापलीकडच्या माणसाला ऐकू जायचं. भिवंडीत एका सायझिंगमध्ये बॉयलरशेजारी त्याने अकरा वर्षं काढली. सुताला खळ लावायची आणि वाफेने तापलेल्या सिलिंडरवरून ते सुकवून काढायचं, हे तिथलं काम. घरघरीवर आवाज चढवायची सवय लागली, ती सुटली नाही.

शहाऐंशी साली बॉयलरचा सेफ्टी वॉल्व वरचेवर उघडून वाफ सोडू लागला. काम थांबायचं. मुकादमाने वॉल्व तारेने आवळून बांधला. हिरामणने पकड घेतली आणि सगळ्यांदेखत ती तार कापली.

"ड्युटीवर राहायचंय का न्हाय?" मुकादम ओरडला.

"जित्ता राहायचाय," हिरामण म्हणाला आणि डबा उचलून बाहेर पडला. दोनदा बोलावणं आलं, गेला नाही. धामणकर नाक्यावर पानवाल्याच्या बाजूला फळी टाकून इस्त्र्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करू लागला. वीज तपासायचा मीटर वापरायला स्वतःच शिकला.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात लूमवाले नूर मोहम्मदशेठ त्या फळीपाशी आले. त्यांची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा झालेल्या, चादर दिवसातून तीनदा बदलावी लागे, आणि पावसात एकही सुकत नसे. म्हणून त्यांच्या भावाने कुवेतहून कपडे सुकवायचा ड्रायर पाठवला होता. तो मध्येच बंद पडू लागला. मुंबईहून कारागीर आला, काहीतरी करून गेला. आता ड्रायर थांबत नव्हता, पण कालची चादर जळून तपकिरी निघाली होती.

घरी शेठची बायको जुबैदाभाभी ती चादर घेऊनच उभी होती. ड्रायर अम्मांच्या खोलीच्या भिंतीला टेकून ठेवलेला. भिंतीपलीकडे अम्मांची खाट.

हिरामणने मागचा पत्रा खोलला. ताप हाताबाहेर गेला तर वीज तोडणारा कटआउट होता, आणि त्याची दोन्ही टोकं लाल तारेने थेट जोडलेली होती, म्हणजे ड्रायर कितीही तापला तरी वीज तुटणार नव्हती. हिरामणने पिशवीतली पकड काढली. तार तुटल्याचा आवाज झाला.

"अरे, ये क्या किया!" शेठ पुढे आले. "आता परत बंद पडेल ना!"

"पडंल. पडू द्या."

"मुंबईचा माणूस येडा होता काय?"

"त्याची आई न्हाय झोपत भिंतीपल्याड."

शेठ लाल झाले. "जोड ती तार. मला चादरी पाहिजेत, भाषण नको."

"दुसऱ्याकडून जोडून घ्या. माझ्या हातानं न्हाय व्हायची."

आतून अम्मांचा आवाज आला, "नूर, त्याला काम करू दे. मला भाजून काढायची घाई झालीय का तुला?"

हिरामणने हवा बाहेर पडायच्या तोंडात हात घातला आणि ताप मोजणारा सेन्सर काढला. वाटाण्याएवढा. मीटरच्या दोन तारा त्याला लावून त्याने तो मुठीत धरला. माणसाच्या हाताच्या उबेनेही मीटरचा काटा सरकायला हवा. तो जागचा हलेना. बऱ्याच वेळाने आळसावल्यासारखा किंचित कलला.

"ह्याला ऊब उशिरा कळतीय," तो म्हणाला. "म्हणून ड्रायर तापत बसतो."

त्याने नखाने सेन्सर खरवडला. पिवळट पापुद्रा निघाला, कापडाच्या बारीक तुसाने भरलेला. हिरामणने तो जिभेला लावला आणि मोठ्याने हसला.

"भाभी, चादरींना खळ लावता?"

जुबैदा ओशाळली. "भाताच्या पेजेची. अम्मांना बिनखळीची चादर चालत नाही."

"सुरकुती पडते आणि पाठीत सुरीसारखी लागते!" अम्मा आतून म्हणाल्या. "खळ बंद करायची असेल तर मला आधीच कबरस्तानात नेऊन ठेवा."

सायझिंगच्या सिलिंडरवर भाजून चढलेली खळ हिरामणने अकरा वर्षं खरवडली होती. खळीचा भुगा आणि तूस ओल्या हवेबरोबर सेन्सरवर बसले होते आणि दर खेपेला पक्के भाजत गेले होते. मुंबईच्या कारागिराला असल्या थराची काय ओळख!

त्याने कोमट पाण्यात फडकं बुडवून सेन्सर लपेटून ठेवला. थर मऊ झाल्यावर हलक्या हाताने पुसून काढला, कोरडा केला, पुन्हा मुठीत धरला. काटा लगेच धावला. शेठनेही धरून पाहिला.

सेन्सर जागेवर बसवला आणि कटआउट बिनतारेचा ठेवून ड्रायर लावला. आत खळीची ओली चादर. हिरामण पत्र्यावर तळहात टेकून बसला, पूर्वी सिलिंडरजवळ बसायचा तसा. ताप चढला, आणि पुढे चढायचा थांबला. चादर निघाली ती पांढरी, कडक, कोरडी.

जुबैदाने ती अम्मांखाली घातली. अम्मांनी तळहाताने एकदा सगळी चाचपली.

"खळ आहे," त्या म्हणाल्या. "सुरकुती नाही."

"दर शुक्रवारी सेन्सर पुसायचा, भाभी," हिरामण म्हणाला. "मग अम्मा, तुम्ही खळ सोडू नका, आणि भाभी, तुम्ही ड्रायर."

शेठ दारापर्यंत आले. "आणि तरी बंद पडला तर?"

"त्याला ताप सोसवत न्हाय म्हणून पडला असंल. मला बोलवा. तार जोडायला मात्र बोलवू नका."

लाल तारेचा तुकडा त्याने खिशात टाकला. पुढे कितीतरी वर्षं तो त्याच्या फळीवर, मीटरशेजारी, खिळ्याला लटकत होता. कुणी विचारलं तर पानवालाच गोष्ट सांगू लागे, पण दोन वाक्यांतच हिरामणचा आवाज त्याच्यावर चढायचा.