भिंत पाणी पिते तोवर

“भावजी, आमचे मिस्त्री गेले...” सकाळी वंदनावहिनींचा फोन आला तेव्हा मी करंजाड्याच्या घरी पेपर वाचत होतो. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांच्या तोंडी ‘मिस्त्री’ म्हणजे दत्ता. त्याला आता दीड महिना झाला.

हा शब्द आपल्याकडे कुणालाही चालतो. कळंबोलीत ट्रकचं इंजिन उघडणारा मिस्त्री, कपाटं करणारा मिस्त्री, नळ दुरुस्त करायला येतो तोही मिस्त्रीच. बांधकामावर दत्ताची माणसं त्याला ‘मिस्त्री’ म्हणायची, तेव्हा त्या हाकेत दरारा असायचा. दत्ता गवंडी होता. विटांची भिंत रचण्यात त्याचा हात धरणारा पनवेलात मी तरी पाहिला नाही. मी मात्र त्याला दत्ताच म्हणायचो, कारण शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

एकदाच मिस्त्री म्हणालो. या घराची वास्तुशांत चार दिवसांवर आली होती आणि दत्तानं रचलेली हॉलची नवी भिंत तशीच लाल, उघडी. मी म्हटलं, आजच्या आज प्लास्टर कर. तो पाइप धरून भिंतीवर पाणी मारत होता. “अजून पाणी प्यायली नाय ती. आठ दिस थांब, नायतर प्लास्टर सुटून पोकळ वाजंल.” आमंत्रणं गेली होती, ऑफिसातले वरिष्ठ येणार होते, माझं डोकं फिरलं. त्याच्या माणसांसमोर म्हणालो, “घर माझं आहे. तू मिस्त्री आहेस, मिस्त्रीसारखा राहा.”

त्यानं पाइप भिंतीच्या वरच्या कडेकडे वळवला. मग म्हणाला, “बरं, साहेब.” प्लास्टर काही केलं नाही. पूजेच्या दिवशी मी त्या भिंतीवर नवी चादर टांगली आणि ती भटजींच्या डोक्यावर सारखी घसरत राहिली. दत्ता जेवायला आला नाही. भिंतीला पाणी मारायला मात्र रोज सकाळी येत होता, आणि आठ दिवसांनी प्लास्टरही त्यानंच केलं.

पुढे दर वर्षी पावसाळा संपला की तो यायचा. वाकड्या बोटानं भिंत वरून खाली वाजवायचा, कान देऊन ऐकायचा, “बरी हाय, साहेब” म्हणायचा. चहा दारात, उभ्यानं. माफी मागायचं मी दर वर्षी ठरवायचो आणि... पुढच्या खेपेला, असं म्हणत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “तुमच्याकडं येताना धुतलेला शर्ट घालायचे,” त्या म्हणाल्या. “दोस्ताकडं जातो, म्हनायचे.”

यंदा पाऊस संपल्यावर भिंत मीच वाजवून पाहिली. कुठेच पोकळ आवाज आला नाही. भिंत वाजवल्याचं ऐकून बायकोनं सवयीनं दोन कप चहा आणला. एक मी रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि माझा दारात उभ्यानंच प्यायलो.