अभिनंदनाचा ठराव

तळमजल्यावरच्या शिंपीणवहिनींच्या नळातून पिसं आली, तेव्हा त्यांनी इमारतीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, "टाकीत काहीतरी मेलंय."

अध्यक्षांनी विकतच्या बाटलीतलं पाणी घोटभर प्यायलं. "हा विषय आज नाही. पुढच्या वेळी घेऊ."

पुढच्या वेळी टाकी कुणी उघडायची यावरून जुंपली आणि शेवटी समिती नेमली गेली. वहिनी तडक गच्चीवर गेल्या आणि नाकाला फडकं बांधून सडलेलं कबुतर स्वतःच्या हातांनी बाहेर काढलं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये समितीच्या तत्परतेबद्दल अभिनंदनाचा ठराव आला. टाळ्या पडल्या.

"वहिनी, हात वर करा की!" सचिव हसत म्हणाले.

वहिनींना त्या सगळ्यांचीच शिसारी आली. "चालू द्या तुमचं," म्हणत त्या उठल्या आणि पुन्हा कधी मीटिंगला फिरकल्या नाहीत.