आईच्या फॉर्मातला नववा रकाना

कायदा अजून संसदेत मांडायचाच होता, पण आमच्या कॉलनीत तो लागू होऊन गेला. टीव्हीवर आठवडाभर चर्चा चालली होती. देशात कोण खरा, कोण बाहेरून घुसलेला, हे आता कागद पाहून ठरणार, पोलिसांचे अधिकार वाढणार, संशय आला की नागरिकांनी कळवायचं, असं बरंच काही. मसुदा कोणी वाचला नव्हता. मी त्याचा सारांश कॉम्प्युटरच्या दुकानातून छापून आणला. बत्तीस वर्षं मी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात आस्थापना विभागात काढली, तसलीच भाषा रोज लिहिली, तरी मला त्यातलं अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं कळतं असा चेहरा मात्र मी केला. त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आमची कॉलनी जबलपूरला, कांचघरच्या पुढे. बहुतेक लोक डिफेन्स फॅक्टरी नाहीतर सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, म्हणजे हुकूम ऐकायची सवय आणि हुकूम सोडायची हौस, दोन्ही असलेले. कॉलनीचे अध्यक्ष फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तीस वर्षं तोफगोळे पास-नापास केले, आता माणसांकडे वळले होते. एका रविवारी सकाळी त्यांनी पाण्याच्या टाकीखाली खुर्च्या मांडून मीटिंग घेतली आणि सांगितलं, "कानून आएगा तब आएगा. हम तैयारी अभी से करेंगे. जो भी गेट के अंदर आएगा, उसके कागज़ देखे जाएंगे. और फॉर्म दीदी बनाएंगी. इनको तजुर्बा है."

दीदी म्हणजे मी. मला तिथेच सेक्रेटरी करून टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला छान वाटलं. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे कोणी कशासाठी सही मागितली नव्हती. मी दोन दिवस बसून चौदा रकान्यांचा फॉर्म तयार केला. मूळ गाव, मातृभाषा, किती वर्षांपासून या शहरात, वडिलांचं जन्मस्थान, असे एकेक रकाने आखताना मला नोकरीतल्यासारखी तरतरी आली. नववा रकाना माझा खास होता: जन्मस्थानाचा मूळ पुरावा, जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, दुसरं काही चालणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "वाह, ये हुई बात." तेव्हाच ठरलं की चौदाही रकाने भरलेले असतील त्यालाच गेटचा पास मिळेल. कॉलनीतल्या घरांनीही फॉर्म भरायचे, पण ती आपली औपचारिकता.

पहिला फॉर्म भरायला आला तो गॅसची शेगडी आणि कुकर दुरुस्त करणारा भैया. गोहलपूरचा, म्हणजे मुसलमान वस्तीतला. सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधून वीस वर्षं तरी येत असेल. कॉलनीतल्या प्रत्येक कुकरची शिट्टी तो आवाजावरून ओळखायचा. मी फॉर्म पुढे केला तेव्हा त्याने तो घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची फाइल घेऊन आला आणि एकेक कागद माझ्या टेबलावर मांडला. आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, महापालिकेचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, बापाच्या शाळेचा दाखला, आजोबांचं बिडी कामगार म्हणून असलेलं कार्ड. सगळं लॅमिनेट केलेलं.

"इतने सारे कागज़?" मी म्हटलं.

"दीदी, हमारे मोहल्ले में बच्चा पैदा होता है तो पहले उसकी फाइल बनती है," तो म्हणाला. हसून म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

चौदापैकी चौदा रकाने भरले. एकही खाडाखोड नाही. मी नोकरीत इतका स्वच्छ अर्ज फार थोड्या वेळा पाहिला होता. झेरॉक्स ठेवून घेतल्या आणि फॉर्म अध्यक्षांकडे नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दीदी, एक बात बताइए. आम आदमी के पास इतने पूरे कागज़ होते हैं क्या? कुछ तो गड़बड़ है. इसका पास अभी रोक दीजिए."

मी काय केलं? मी त्या फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं, 'विचाराधीन'. हा माझा आवडता शब्द होता. या शब्दाखाली मी नोकरीत माणसांना दोन-दोन वर्षं बसवून ठेवलं होतं. भैयाला गेटवरून परत पाठवलं गेलं. त्याने वाद घातला नाही. सायकल वळवली आणि गेला.

मग घरचे फॉर्म भरायची पाळी आली. माझे तेरा रकाने झटक्यात झाले, बाबांच्या जन्मस्थानाचा तेवढा राहिला. माझा जन्म इथल्याच सरकारी इस्पितळातला. मग आईचा घेतला. आई ऐंशीला टेकली आहे. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. ती मूळची भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. लग्न करून जबलपूरला आली आणि पुढे तीही डिफेन्स फॅक्टरीत लागली. दारूगोळा भरण्याच्या सेक्शनमध्ये होती. तिची सर्व्हिस बुक आहे, पेन्शन आहे, पण नोकरीला लागताना तिचं वय डॉक्टरने दात पाहून ठरवलं होतं. जन्माचा कागद म्हणाल तर काहीच नाही.

"आई, तुझा जन्म कोण्या वर्षाचा?"

"म्हशीले पारडू झालं होतं तवाचा."

"नीट सांग ना."

"नीटच सांगून राहिली. त्या पारड्याचा दाखला आन, त्याच्यावरच माहा असन."

आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा आई दुसरीत होती. परत आल्यावर त्यांनी घरातली जुनी दैवतं नदीत सोडली आणि पोरांची नावं बदलली. आईचं आधीचं नाव गावच्या पाटलिणीने ठेवलेलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. घर झाडून जे बाहेर फेकतात त्याचं नाव होतं ते. आजोबा शाळेत गेले आणि मास्तरला म्हणाले, पोरीचं नाव बदला. मास्तर म्हणाला, रजिस्टरमध्ये एकदा लिहिलं ते लिहिलं. आजोबांनी त्याच दिवशी पोरीला शाळेतून काढलं. म्हणजे आईच्या जन्माचा या देशात एकच पुरावा आहे, तो त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे, आणि तो त्या नावावर आहे.

मी म्हटलं, "आई, शाळेचा दाखला मागवता येईल. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. बस."

"ते नाव मी सांगत नाही."

"मला मामाने सांगितलं होतं एकदा. मीच लिहिते."

"लिहू नको," आई म्हणाली. "जेलात टाका म्हणा मले. तिथं गेली तरी याच नावानं जाईन."

मी तिचं ऐकलं नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे. खरं म्हणजे नववा रकाना मी स्वतः आखलेला होता आणि माझ्याच घरात तो रिकामा राहतो आहे याची मला लाज वाटत होती. आईला पेन्शनच्या कामाला जाते असं सांगून मी प्रतिज्ञापत्राचा अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत गेले. रांगेत उभी राहिले. अर्जात दोन्ही नावं लिहिली. काउंटरवर तिशीतला एक क्लार्क होता. त्याने अर्ज वाचला आणि अगदी सहज, जोरात विचारलं, "ये," आणि ते नाव उच्चारलं, "ये आपकी कौन हैं?"

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"माँ हैं," मी म्हटलं.

"दोनों नाम एक ही औरत के हैं, इसका सबूत?"

हा प्रश्न माझा होता. अगदी हाच. आमच्या ऑफिसातल्या एका वारलेल्या चपराश्याची बायको पेन्शनसाठी यायची. एका कागदावर तिच्या नावात वेलांटी पहिली, दुसऱ्यावर दुसरी. मी तिला तीनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली होती, "मैडम, मैं ही हूँ ना, सामने तो खड़ी हूँ." आणि मी म्हटलं होतं, नियम आहे.

"भैया, मैं खुद आस्थापना में थी," मी क्लार्कला म्हटलं. कशासाठी म्हटलं कोण जाणे.

"तब तो आप समझती होंगी," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, चांगला अदबीने म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

मी अर्ज परत मागितला आणि बाहेर पडून फाडला. त्यातला नावाचा तुकडा वेगळा केला, आणखी बारीक फाडला, पर्समध्ये ठेवला. रस्त्यावर टाकायची हिंमत झाली नाही. घरी येऊन आईला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगला मीटिंग कधी आहे?"

"रविवारी."

"मी येतो."

रविवारी ती पांढरी साडी नेसून, माझ्या हाताला धरून टाकीखाली आली. अध्यक्षांनी उठून खुर्ची दिली, "आइए माताजी, आइए." मी यादी वाचली. कॉलनीतल्या एकाही घराचे चौदाच्या चौदा रकाने भरलेले नव्हते. कोणाच्या वडिलांचं जन्मस्थान माहीत नव्हतं, कोणाचा दाखला पुरात गेला होता, कोणी नवव्या रकान्यात नुसतंच 'जय हिंद' लिहिलं होतं. आईच्या नावापुढे मी 'अपूर्ण' वाचलं तेव्हा अध्यक्ष घाईने म्हणाले, "अरे माताजी का तो फॉर्मैलिटी है. कुछ भी लिख दीजिए."

"काहून कुछ भी?" आई म्हणाली. "तुम्हारा क्या लिखा है? पढ़ तो बाई, भाईसाहब का फॉर्म."

मी वाचला. मला वाचावाच लागला, कारण मी सेक्रेटरी होते. जन्मस्थान: सर्वविदित. पुरावा: स्वयं. वडिलांचं जन्मस्थान: प्रतिष्ठित परिवार.

पहिल्यांदा कोणी हसलं नाही. मग मागच्या रांगेतून एक खोकल्यासारखा आवाज आला आणि सगळी खुर्च्यांची रांग हलायला लागली. अध्यक्ष लाल झाले. "मुझे सब जानते हैं," ते म्हणाले.

"मुझे भी सब जानते हैं," आई म्हणाली. "सत्ताईस साल बारूद भरी मैंने. हाथ में बारूद दी तब किसी ने नहीं पूछा, बाई तेरा जनम का कागद दिखा. अब हाथ में काठी है, तो पूछ रहे हो."

एक बाई म्हणाल्या, "तो फिर पूरा फॉर्म किसी का है भी?"

"एकाचा आहे," मी म्हटलं, आणि शेगडीवाल्या भैयाचं नाव सांगितलं. आमच्याच नियमाप्रमाणे कॉलनीच्या गेटमधून आत यायचा हक्क त्या एकट्याचा होता. बाकी आम्ही सगळ्यांनी सामान उचलून बाहेर जायला हवं होतं.

मला वाटलं, आता सगळे विरघळतील. कोणी म्हणेल, चुकलं, बोलवा त्याला. असं काही झालं नाही. कोणीतरी सुचवलं की कायदा अजून यायचाय, तोवर फॉर्मची बाब स्थगित ठेवावी. ठराव एकमताने पास झाला. भैयाच्या पासचं काय, असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "वो भी स्थगित." मग चहा आला. आईने चहा घेतला नाही.

मी सेक्रेटरीपद सोडलं. भैयाच्या झेरॉक्स परत करायला गोहलपूरला गेले. गल्लीत शिरताना दोन जणांना विचारलं, तिसऱ्याने दुकानापर्यंत आणून सोडलं. दुकान म्हणजे एका पायरीएवढी जागा, वर लटकवलेले बर्नर. त्याने झेरॉक्स घेतल्या, मोजल्या, फाइलमध्ये घातल्या. "शुक्रिया दीदी." मी म्हटलं, "शेगडीची एक बाजू नीट पेटत नाही." तो म्हणाला, "यहीं ले आया कीजिए. मैं अब उधर नहीं आऊँगा." मी बरं म्हटलं आणि निघाले.

घरी आले तर आई दारातच बसलेली.

"माफी मागितली का त्याची?"

"कागद परत दिले."

"मी काय विचारून राहिली?"

"नाही मागितली."

"मग गेली काहून होती इतक्या दूर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. शेगडी नेली नाही, नाहीतर कामाच्या आडोशाने बोलल्यासारखं झालं असतं. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोरच म्हटलं, "भैया, आपका फॉर्म मैंने रोका था. अध्यक्ष ने कहा, पर लिखा मैंने. गलती मेरी है."

तो तारेने बर्नरची छिद्रं साफ करत होता. त्याने हात थांबवला नाही. बर्नरकडे पाहतच म्हणाला, "ठीक है." बसा म्हणाला नाही, चहा विचारला नाही, हसलाही नाही. मी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून क्षणभर उभी राहिले आणि मग माझं मलाच कळलं की मी पोचपावतीची वाट पाहते आहे. तशीच परत फिरले.

मसुद्यावर टीव्हीवर अजून चर्चा चालते. अध्यक्ष आता पार्किंगच्या मागे लागलेत. आमच्याकडे गॅसचा एकच बर्नर चालतो; शेगडी घेऊन गोहलपूरला जायला मी अजून धजत नाही. त्यावर आई आधी चहा करते, मग भाजी, मग पोळ्या, आणि ते नाव मी अर्जात लिहिलं तेव्हापासून मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही.