डोंगरापलीकडचं जोडगाव

भास्करकाका गेल्याचा फोन मंगलकाकूंनीच केला. मी रेडमंडच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "खुर्चीत बसल्या बसल्या गेले गं…" एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "आता त्या डोंगरापलीकडच्या लोकांना कोण बोलावणार?" नवरा नुकताच गेलेला असताना हे काय विचारतायत, असं वाटून मला तेव्हा रागच आला.

काका औशाकडचे, शाळामास्तर. किल्लारीच्या भूकंपानंतर मदत घेऊन माणसं आली, पण त्यांना गावांचे रस्ते ठाऊक नव्हते, हे ते कधी विसरले नाहीत. पुढे मुलीपाठोपाठ ते अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात येऊन राहिले. माझी त्यांची ओळख रेडमंडच्या गणपतीतली. मी केलेले मोदक फसलेत असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, आणि वर तीन खाल्ले होते.

त्यांच्या गावाचं जपानमधल्या एका बंदराच्या शहराशी भगिनी-शहर म्हणून नातं आहे. त्याची एक कमिटी आहे आणि रिकामा वेळ म्हणून काका तिच्यात शिरले. चेरीची झाडं लावायची, मुलांनी एकमेकांकडे जाऊन राहायचं, भेटवस्तू काचेच्या कपाटात मांडायच्या, असं ते निवांत काम. एकदा जपानहून पाहुणे आले, तेव्हा मीही गेले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी सांगितलं, आमच्या शहराची नाती अमेरिकेत आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, आणि जपानमध्येही एक आहे, आत डोंगरात. परदेशातली नाती सणासुदीची. घरातलं नातं वाईट दिवसासाठी, त्सुनामी आली तर धावून यायला, म्हणून मुद्दाम समुद्रापासून लांब शोधलेलं. दरवर्षी ती डोंगरातली माणसं गाड्या घेऊन बंदरावर येतात आणि शाळेच्या मैदानात सगळ्यांसाठी भात शिजवतात.

"पाहुण्यांनीच रांधायचं?" काकांनी विचारलं.

"रस्ता पाठ राहावा म्हणून," बाई हसून म्हणाल्या. काका हसले नाहीत. संध्याकाळी ते मला किनाऱ्यावर घेऊन गेले. म्हणाले, "समुद्र एकच आहे गं. तिकडे जे येतं ते इकडेही येणार…"

त्यानंतर आपल्यालाही डोंगरापलीकडचं असं एक गाव हवं म्हणून त्यांनी कमिटीला भंडावून सोडलं. अध्यक्षबाई म्हणायच्या, "भास्कर, हे कल्चरल एक्स्चेंज आहे." काका ऐकताहेत कसले! डोंगरापलीकडचं एक गाव त्यांनी स्वतः गाठलं आणि तिथल्या फायर चीफला, एका आडदांड, बोलघेवड्या बाईला, येऊन स्वयंपाक करायला राजी केलं. शनिवार ठरला आणि त्याच आठवड्यात काका गेले. कमिटीने आदर म्हणून कार्यक्रम कॅन्सल केला.

"सुतक मला आहे. त्यांनी कशाला पाळायचं?" काकू म्हणाल्या. "तू त्या चीफना फोन कर." मी केला.

शनिवारी डोंगरापलीकडचे लोक आले, त्यांनी मोठ्या पातेल्यात राजमा शिजवला. सगळं गाव जेवलं, अध्यक्षबाईही. समुद्र त्या दिवशी इतका शांत होता की मला त्याच्याकडे बघवेना. हात पुसत चीफने विचारलं, "आम्ही ज्यावरून आलो तो पूलच पडला, तर यायचं कुठून?"

काकू उठल्या. "चल," मला म्हणाल्या, आणि बाकीच्यांना हातानेच बोलावलं.

घरापाशी काकांची गाडी त्यांनी लावली तशीच उभी होती, तोंड डोंगराकडे करून. ते नेहमी तशीच लावायचे, आणि मी चिडवायचे की काका, रस्ता मागे आहे. मी चालवायला बसले. सीट त्यांच्या उंचीला लावलेली होती, माझे पाय जेमतेम पोचत होते, तरी मला ती पुढे ओढवेना. काकू वाट दाखवत होत्या. लाकूडतोडीच्या ट्रकांसाठी केलेला कच्चा रस्ता होता, चांगला रुंद, थेट डोंगरापलीकडे जाणारा. "रोज इथवर यायचे," त्या म्हणाल्या.

वळणावर लोखंडी फाटक लागलं. मोठं कुलूप, पार गंजलेलं. मागच्या गाडीतून चीफ आणि अध्यक्षबाई उतरल्या. चीफने कुलूप हलवून बघितलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"हेच तर विचारत होते ते सगळ्यांना," काकू म्हणाल्या. "किल्ली कोणाकडे आहे म्हणून."